विरजणाची वाटी

ओट्यावर शेजारच्या काकूंची वाटी धुऊन पालथी ठेवली आहे.

काल नवऱ्याने हौसेने सगळी भांडी घासली. त्यात आईकडून आणलेल्या विरजणाची वाटीही घासली. तळाशी चमचाभर दही होतं. उरलेलं आणि राखून ठेवलेलं दिसायला सारखंच असतं. पण राग आला की मी इंग्रजीत बोलते, तशीच बोलले. तो चपला घालून निघून गेला. मला वाटलं, रुसला.

तो ही वाटी घेऊन परतला. "काकूंनी विचारलं, बायको विरजण ठेवायला विसरली का रे? म्हटलं, नाही हो, मीच धुतलं."

सकाळी दही घट्ट लागलं होतं. वर्षभरात मी काकूंची बेल एकदाही वाजवलेली नाही. वाटी परत द्यायला जायची लाज वाटते, आणि त्याला 'तूच जा' म्हणायची त्याहून जास्त.