वाटून झालेलं सरबत

दुकान उघडलं की अम्म वग्दी पाण्याचा घोट तोंडात धरत आणि पहिल्या शर्टावर त्याचा बारीक फवारा उडवत. मग इस्त्री. अम्म म्हणजे काका, दमनहूरच्या आमच्या साऱ्या गल्लीचे. उन्हाची तिरीप आली की त्यांच्या लहानग्या लेकीला, लुजैनला, त्या फवाऱ्यात रंग दिसायचे.

लुजैनच्या पोटातली कर्करोगाची गाठ काढली होती. आजार हाडांच्या मज्जेत पसरलाय का, एवढंच कळायचं राहिलं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली मज्जा स्वच्छ दिसली. डॉक्टरबाई म्हणाल्या, बातमी चांगली आहे, पण डीएनए तपासणी यायची आहे. लाखो पेशींत गाठीची एखादी खूण असली तरी ती सापडते, तोवर थांबा.

काकांनी ‘चांगली’ एवढंच ऐकलं. शुभवार्ता घरात आली आणि सरबत वाटलं नाही, असं आमच्याकडे होत नाही. घरोघरचे ग्लास गोळा झाले, लालभडक सरबत साऱ्या गल्लीने प्यायलं. किराणावाले हाजी आतिफ म्हणाले, "वग्दी, पोरीच्या लग्नात तरी साखर सढळ हाताने घाल."

"साखर तुमच्याच दुकानातली, हाजी. गोडी यायची कुठून?"

दोन दिवसांनी डॉक्टरबाईंचा फोन आला तेव्हा मी दुकानातच होते. काकांचे हात इस्त्रीत गुंतलेले, म्हणून त्यांनी फोन स्पीकरवर ठेवला होता. खूण सापडली होती. पुन्हा औषधं, आधीपेक्षा कडक.

"मग आधी कशी नाही दिसली?"

डोळ्यांना दिसण्याइतकी ती नाहीच, डॉक्टरबाई म्हणाल्या. पोर बरी होईल का, काकांनी विचारलं. ते ही तपासणी सांगत नाही, म्हणाल्या.

बाहेर लुजैन दोरीवरच्या उड्या मारत होती. डोक्यावर बोटभर केस आले होते. जाणारायेणारा "मब्रूक, वग्दी" म्हणत अभिनंदन करत होता आणि काका प्रत्येकाला, अल्ला तुमचंही भलं करो, म्हणत होते. प्यायलेलं सरबत परत कसं मागायचं? काकू दारोदार फिरून ग्लास परत करत होत्या. मी त्यांना हाक मारायला उठले, तर काकांनी मानेनेच नको म्हटलं.

"ग्लास देऊन होऊ देत तिचे."

अलेक्झांड्रियाच्या इस्पितळात निघायच्या सकाळी त्यांनी सवयीने घोट तोंडात धरला. लुजैन समोर रंगांची वाट बघत उभी. त्यांनी तो गिळून टाकला, आणि माझ्या शर्टावर कोरडीच इस्त्री फिरवली. त्या सकाळनंतर दुकान अजून उघडलेलं नाही. शर्ट घडी करून हातात देताना ते एवढंच म्हणाले,

"बाहीचं बटण सैल झालंय पोरी, आईकडून टाका घालून घे."