सहा पायल्या डाळ आणि मुसळाची तागडी

आमची आत्या डोळ्यांनी मोजायची. मुंगीनं पोत्यातून दाणा पळवला तर तिला कळे. कोणत्या मुंगीनं, तेही ती सांगे. हैदराबादचा खजिना मोजायला तिला बसवलं असतं, तर अर्धे कारकून त्याच दिवशी आजारी पडले असते. यात मी भर घातलीय, पण चिमूटभरच.

बहिणीच्या लग्नाचा बाजार मात्र माझ्यावर होता. आमच्या उमापुरात डाळ पायलीच्या मापानं मोजत आणि गूळ माजलगावच्या बाजारातून तागडीत वजनानं घेत; गावात तागडी नव्हती. पुरणाला तर दोन्ही बरोबरीनं लागतात. माजलगावच्या अडत्यानं सांगितलं, पायलीभर हरभऱ्याची डाळ सहा शेर भरते. म्हणजे सहा पायल्यांना छत्तीस शेर गूळ! हिशेब जमला म्हणून मी गाडीत उभा राहून गात आलो, बैल लाजले.

लग्नाच्या सकाळी आत्यानं डाळीचा ढीग पाहिला.

"कशी मोजली रे ही?"

"शिगोशीग. लेकीच्या लग्नाची डाळ हाय, माप सपाट कावून करू?"

आमच्यात लेकीच्या लग्नाचं धान्य मापाच्या तोंडावर शीग उभी ठेवूनच मोजतात. हात फिरवून शीग पाडली, तर लेकीचं सुख उणं होतं म्हणे.

"आन अडत्या?"

अडत्या तर मापावरून हात फिरवून सपाट करतो! म्हणजे माझी शिगेची पायली सहा शेरांहून जड. माझ्या पायाखालची जमीन थेट गोदावरीपर्यंत सरकली.

लग्नाची मोजलेली डाळ परत कणगीत टाकायची नाही, ही आमची दुसरी रीत. गूळ कमी, पुरण अगोड. आणि ते बहिणीला सासरी जन्मभर ऐकावं लागणार. वऱ्हाड चौसाळ्याच्या दुकानदारांचं, त्यात नवरदेवाचा मामा जिभेनं लिंबू कापणारा. गूळ-पाण्यातला गुळाचा खडा हातात धरून तो नेमका तिथंच आला.

"काय पाव्हणं, पुरण करताव का आमटी?"

आत्यानं वर पाहिलंसुद्धा नाही. "मुसळ आना."

मुसळ तिनं मधोमध दोरीनं लिंबाला टांगलं आणि दोन्ही टोकांना टोपल्या बांधल्या. लोखंडी वसवी बसवलेलं जड टोक खाली गेलं, तसा तिनं दुसऱ्या टोपलीत दगड टाकला. मुसळ आडवं झालं.

"तागडी झाली, पर वजनं कुठायत?" मामा हसला.

"वजनं कशाला, भाऊ? डाळीइतका गूळ पायजे, तर डाळच वजन."

मामाचं हसू तिथंच थांबलं. मी तर तोंड उघडं टाकून पाहत राहिलो. एक माशी आत जाऊन हिंडून बाहेर आली. ना शेर, ना छटाक, आणि डाळीनं गूळ तोलला जात होता!

एका टोपलीत पायलीभर डाळ, दुसरीत गूळ. पाच पायल्यांना छत्तीस शेर गूळ संपला. सहावी पायली तशीच लटकली.

बातमी घरोघर गेली. कुणी पदरातून ढेकूळ आणलं, कुणी वाटीभर चुरा. मुसळाचं डाळीकडचं टोक तसूतसूनं वर यायला लागलं. गाव संपलं, तरी बोटभर तिरकंच. वऱ्हाडाच्या बैलांनीसुद्धा रवंथ थांबवला, शपथेवर सांगतो.

तेव्हा मामा पुढं झाला. तोंड न लावलेला आपला खडा त्यानं टोपलीत ठेवला, देवापुढं ठेवावा तसा. मुसळ डुललं, थबकलं आणि संथ पाण्यागत आडवं झालं.

"तीस वर्सं तागडी धरली," मामा हळूच म्हणाला, "पर तोलनं आज पाह्यलं."

त्यानं अकरा पोळ्या खाल्ल्या. मी एकवीस सांगतो.

पुढं बहिणीला पुरणावरून कुणी बोललं नाही. उलट सण आला की सासू सगळ्यांना म्हणायची, "गूळ किती लागंल, सूनबाईला इचारा. त्या आत्याची भाची हाय ती." त्या बिचारीला त्यातलं काही येत नव्हतं. ती गंभीर चेहऱ्यानं डाळीकडं बघायची, "सांगते उद्या" म्हणायची आणि गुपचूप आत्याकडं निरोप धाडायची.