येळवशीची अंबिल आणि लाइट हाऊस

शकुंतलाअक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. चाकूरला पुतणीच्या लग्नाला म्हणून गेल्या, आणि तिकडंच छातीत कळ येऊन... त्यांचा पुतण्या सांगत होता आणि तव्यावरची भाकरी करपत होती. पोरं ताटावर बसलेली. मी पुढची भाकरी थापायला घेतली.

चेन्नईत रंगकाम करणाऱ्या आपल्याकडच्या पोरांची खानावळ अक्का चालवायच्या. मी नायगावकडची, सातवीतच शाळा सुटलेली. मामानं मला त्यांच्या हाताखाली आणून सोडलं. इथं मला सगळ्याचंच भ्या वाटायचं. रस्ता ओलांडायचं, दुकानात काही मागायचं, कुणी मोठ्यानं बोललं तरी. शेवटी ठरवलं, परत जायचं. गेल्या गेल्या लग्न लावून देतील हे माहीत होतं, तरी. अक्का एवढंच म्हणाल्या, "येळवस करून जा."

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आपल्याकडं कुणी घरात जेवत नाही, शेतात जाऊन जेवतात. इथं शेत कुठलं? अक्कांनी शहराबाहेरचा खाऱ्या पाण्याचा मोठा तलाव हेरला होता. त्याच्या पल्याडच्या काठावर इंग्रजांच्या काळातलं लाइट हाऊस. डाळी-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे आणि ताकातल्या आंबट अंबिलीचं मडकं घेऊन आम्ही दोघी बसनं, मग होडीनं गेलो. होडी जरा कलली की मी त्यांचा पदर गच्च धरायची.

जेवायच्या आधी शेतात कडब्याची कोपी उभारून तिच्याभोवती अंबिल शिंपडतात. कोपी नव्हती, म्हणून अक्का त्या मनोऱ्याभोवतीच डहाळीनं अंबिल शिंपडत फिरू लागल्या. राखणदार ओरडत धावत आला. मी अक्कांचा पदर ओढला. "अक्का, चला इथून."

"भुकेला हाय गं तो," म्हणत त्यांनी तांब्या भरून त्याच्यापुढं केला. त्यानं वास घेतला आणि प्याला. त्यांच्याकडंही असलंच काही पितात म्हणे. दुसरा तांब्या त्यानं हातानंच खुणावून मागितला, आणि मग जिन्याचं कुलूप काढलं.

आत अंधार, गोल जिना, वारा घुमत होता. मध्यावर मी भिंत धरून थांबले. "अक्का, मी पडते..."

"पडलीस तर माझ्यावरच पडशील," मागून आवाज आला. "एवढी मोठी गादी हाय की खाली."

मला हसूही आलं, रडूही. वर पोचलो. एकीकडं तलाव, दुसरीकडं समुद्र. बघतच राहिले. वळले तर अक्का भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून उभ्या.

"काय झालं अक्का?"

"भ्या वाटायलंय. दुसरं काय."

"तुम्हाला?"

"इथं आल्यापासून रोजच. तुला काय वाटलं, देवानं तुला एकटीलाच दिलंय?"

त्यांचा हात धरला. गार पडला होता.

दुसऱ्या दिवशी गावी जायच्या ऐवजी मी पीठ मळायला बसले. त्यांचे उपकार मोजायला बसले तर मला तेवढे आकडेही यायचे नाहीत.

आता बाबा फोनवर म्हणतात, "तिथं कोण हाय तुझं आता? ये निघून." खरंच कुणी नाही. बाजाराचं भ्या आहे, घरमालकाचं आहे, आजारी पडायचं तर फारच. तरी मी म्हणाले, "एवढ्यात न्हाई येत, बाबा."

सकाळी मोठी शेगडी पेटवावी लागते. भसकन जाळ उठतो. अक्का ती पेटवताना तोंड भिंतीकडं फिरवायच्या, हात लांब करून काडी लावायच्या. मला वाटायचं, गॅसच्या वासाचा त्रास होत असेल... आता मीही तोंड फिरवते, हात लांब करते आणि काडी लावते.