आरशावरचा अंगठा

आमच्या घरमालकांनी उद्या एखादी बँक लुटली, तर पोलिसांना ते जन्मात सापडणार नाहीत. त्यात त्यांची हुशारी काही नाही. त्यांनी बँकेतल्या कशालाही हात लावलेला नसेल, एवढंच. बोरगाव मेघेत त्यांच्या घराच्या, मधे कुंपण घालून वेगळ्या केलेल्या अर्ध्या भागात आम्ही नवरा-बायको भाड्याने राहायला आलो, त्याला आता बरीच वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी त्यांना फाटक उघडताना पाहिलं ते कोपराने, बेल वाजवताना पाहिलं ते बोट मुडपून त्याच्या सांध्याने, आणि पाणी पिताना पाहिलं ते वरून, ओठाला भांडं न लावता आणि भांड्याला बोटं न लावता. हे दुसरं कसं जमतं ते विचारू नका. खांद्यावर कायम एक पांढरा दुपट्टा असायचा, ग्लास त्याच्यात धरलेला असायचा. चुकून कुठे बोट लागलंच, तर ती जागा दुपट्ट्याने अशी पुसली जायची की तिथे आधी काय होतं याचीच शंका यावी. एकदा एका लग्नात जेवण झाल्यावर ते ग्लास पुसत बसले, तेव्हा वाढणारा म्हणाला, "काका, घासाले बाई हाय न." तर हे म्हणाले, "तिले ग्लास घासाचा हाय. मले ठसा घासाचा हाय."

मला आधी वाटलं, स्वच्छतेचं वेड असेल. मी सावंगीच्या दवाखान्यात लॅबमध्ये काम करते, दिवसभर काचपट्ट्या हाताळते, त्यामुळे अशी माणसं मला नवीन नाहीत. पण घरमालकांना धुळीचं काही वाटत नसे. त्यांच्या खिडकीच्या काचेवर इतकी धूळ असायची की नातीचं अख्खं नाव लिहिता आलं असतं, अर्थात बोटाने लिहायची हिंमत असती तर. कोरोनात सगळी वस्ती कोपराने दारं उघडायला लागली, तेव्हा ते ओट्यावर बसून मोठ्या समाधानाने म्हणाले, "आली न आता दुनियेले अक्कल!" ठसे द्यावे लागतात म्हणून आधारकार्ड त्यांनी काढलंच नव्हतं. मतदानाला मात्र नेमाने जात. "शाई तं त्यानं लावली मले. म्या कुठं काय देलं?" मी एकदा सहज म्हटलं, की काका, मशीनचं बटन तर दाबलं ना बोटाने? त्यावर ते संध्याकाळपर्यंत जेवले नाहीत. पुढच्या निवडणुकीत त्यांनी बटन कोपराने दाबलं. मत कुणाला गेलं, ते त्यांचं त्यांनाही सांगता येईना.

या सगळ्याला कारण होतं. जमिनीचे व्यवहार जिथे नोंदवतात, त्या कचेरीत त्यांची सगळी नोकरी गेली. लिहिता न येणाऱ्या माणसाचा अंगठा आपल्या हातात धरायचा, शाईच्या पॅडवर फिरवायचा आणि कागदावर टेकवायचा, हे त्यांचं काम. "अंगठा म्हंजे का शाई असते काय वं?" ते मला सांगत. "माणसाचा तुकडा असते तो. अंगठा टेकला का माणूस खुर्चीवरून थोडा कमी होऊन उठते. म्या पायलं हाय." मग ते वडनेरकडच्या म्हातारीची गोष्ट सांगत. ती लेकीच्या नावाने वावर करून द्यायला एकटीच आली होती. अंगठा धरला तर माठातल्या पाण्यासारखा गार. ठसा मात्र असा उठला की एकेक रेघ वेगळी दिसावी. दुसऱ्या दिवशी तिची लेक रडत कचेरीत आली, की माय काल पहाटेच गेली, आता कागद कसा व्हायचा? कागद तर टेबलावर तयार होता.

"मग काका?" मी दरवेळी विचारायची.

"मंग काय? वावर भेटलं लेकीले. पण त्या दिसापासून म्या आपला हात झाकून घेतला. मेल्यावर बी ज्याले अंगठा द्याले या लागते, तो जित्तेपणी किती तुकडे वाटत फिरन?" ही गोष्ट ते भर दुपारी, ओट्यावर, संत्रं सोलता सोलता सांगायचे, तेही दुपट्ट्यात धरून, आणि तरी माझ्या अंगावर काटा यायचा.

त्यांच्या घरात न पुसलेली जागा एकच होती. आतल्या खोलीत एक उभा आरसा आहे. आपण बायका झोपताना कपाळावरची टिकली काढून आरशाला चिकटवतो, तशी काकूंची शेवटची टिकली त्याच्या कोपऱ्यात होती. मोठी, मरून रंगाची, एका कडेने रंग उडालेली. काकू आम्ही राहायला यायच्या आधीच गेल्या होत्या. मी त्यांचा फोटो पाहिला आहे, आवाज कधी ऐकला नाही. घरमालक आरसा पुसत पुसत त्या कोपऱ्यापाशी आले की त्यांचा हात थांबायचा. "तिच्यावर तिचं बोट हाय," एवढंच म्हणायचे आणि दुपट्टा खांद्यावर टाकायचे.

मग कॅनडातल्या त्यांच्या लेकीचा संसार मोडला. जावई वेगळा राहायला लागला, लेकीची नोकरी पाळ्यांची, आणि नात एवढीशी. "बाबा, तुम्ही या," असं ती एकदाच म्हणाली आणि हे निघाले. पासपोर्ट-व्हिसा ठसे मागायला लागायच्या आधीच काढलेले होते. निघण्याआधी त्यांनी सगळं घर पुसलं. मी मदतीला होते. दाराच्या कड्या, विजेची बटनं, कुकरचं झाकण, बादलीचा कान, देव्हाऱ्यातली घंटीसुद्धा. मी म्हटलं, "काका, इतकं पुसून तर चोरही जात नाही."

"चोराले पोलिसाची भीती असते. मले घराची हाय. ठसा राह्यला का घर वाट पायत बसते."

आपल्याकडे घरातून निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. मी रोज ड्यूटीला निघताना कुंपणावरून "येते काका" म्हणायची आणि ते पेपरातून मान न काढता "येजो" म्हणायचे. त्या दिवशी त्यांनी कुलूप लावलं, किल्ली दुपट्ट्यात धरून माझ्या हातात दिली आणि बंद दाराकडे पाहून स्वच्छ म्हणाले, "जातो."

मी चरकले. "काका, असं नाई म्हणत."

"म्हणू दे. खोटी आस काऊन लावाची त्याले?" दुपट्ट्याने त्यांनी कुलूपही पुसलं, आणि डोळे पुसायला तेच टोक वापरलं.

दर रविवारी मी त्यांचं घर उघडायची. खिडक्या थोड्या वेळ उघड्या ठेवायच्या, नळ सोडून पाहायचा, तुळशीला पाणी घालायचं. पहिल्याच रविवारी कुलूप लावताना सवयीने माझ्या तोंडून "येते" निघून गेलं, आणि आतून कोणीतरी "येजो" म्हणालं. हळूच, स्वयंपाकघरातून म्हणावं तसं. मी पटकन फाटकाबाहेर आले आणि स्वतःला समजावलं, की कानाला सवय आहे, भास झाला असेल. अडचण एवढीच होती की तो आवाज काकांचा नव्हता. नवऱ्याला सांगितलं तर तो पोट धरून हसला. पुढच्या रविवारी म्हटलं, चल मग माझ्याबरोबर, तर त्याला गाडी धुवायची आठवण झाली. नंतर मलाही त्याची सवय झाली. मी "येते" म्हणायची, आतून "येजो" यायचं, आणि मी घाईघाईने, पण खरं सांगायचं तर जरा बरं वाटून, घरी यायची.

उन्हाळा लागला तेव्हा सकाळी सकाळी कॅनडाचा फोन आला. तिथे कायमचं राहायचं तर माणसाच्या नावावर काही गुन्हा नाही ना, हे तपासतात, आणि त्यासाठी दहाही बोटांचे ठसे घेतात. लेक सांगत होती, की आधी तर बाबा खिशातून हात काढेनात. शेवटी नातीने एकेक बोट ओढून मूठ उघडली. आणि बोटं यंत्रावर ठेवली, तर काहीच उमटेना. मलम लावून पाहिलं, ओल्या रुमालाने पुसून पाहिलं, दुसऱ्या वेळी जाऊन पाहिलं. काच कोरीच. आता उद्या एकदा पाहू, असं तिथले लोक म्हणाले. नाही जमलं तर अर्ज अडकणार, आणि बाबांची इथे राहायची मुदत तर संपत आली आहे. "ते गेले तर मी हिला कोणाजवळ ठेवू गं?" एवढं बोलून ती रडायलाच लागली.

मग फोनवर घरमालक आले. नेहमीची चेष्टा नव्हती आवाजात. "मशीन म्हणते हा माणूस इथं नाईच. बरोबर म्हणते ते. म्या सगळं पुसून आलो, पण एक राह्यलं असन. तू आरसा पाय."

मी म्हटलं, "काका, वय झालं की रेघा झिजतात. तुम्ही तर जन्मभर बोटं पुसत आलात."

"तू पाय तं खरं वं पोरी. माहा ठसा दिसला तं पुसून टाकजो. तिचा नको पुसू." मग म्हणाले, "मले नातीपाशी राह्याचं हाय."

ड्यूटीवरून मी त्या दिवशी दुपारीच आले आणि तशीच त्यांच्याकडे गेले. आपल्याकडे उन्हाळ्यात बंद घर उघडलं की भट्टीचं तोंड उघडल्यासारखी आच येते. ते घर आतून गार होतं. आरशावर धूळ होती. टिकलीजवळच्या काचेवर मी तोंडाची वाफ सोडली, आणि काचेतून हळूहळू एक अंगठा वर आला. मोठा, पुरुषी, आणि त्यावर आडवी गेलेली एक तिरपी रेघ. लहानपणी विळ्याने घरमालकांचा अंगठा कापला होता, त्याची ती खूण. टिकलीच्या इतका जवळ टेकलेला, की मध्ये केसभर जागा. वाफ विरली, पण अंगठा विरला नाही. हा कोपरा मी त्यांच्याबरोबर उभं राहून शेवटच्या दिवशी नीट पाहिला होता. तेव्हा तिथे टिकलीशिवाय काही नव्हतं.

फोनवर रडणारी त्यांची लेक डोळ्यांपुढे होती. ओढणीचं टोक बोटावर गुंडाळलं आणि टिकलीला धक्का न लावता पुसलं. त्या गार घरात काचेचा तेवढाच भाग कोमट लागला. पुसताना मला रडू आलं, कोणासाठी ते कळलं नाही. कुलूप लावून मी "येते" म्हटलं. आतून काहीच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी यंत्रावर दहाही ठसे पहिल्या फटक्यात उमटले. लेक फोनवर हसत होती, रडत होती. पुढच्या रविवारी मी घर उघडलं, तर आच अंगावर आली. कोणत्याही बंद घरात असते तशी आच. आणि आरशावर टिकली नव्हती. मी फरशी पाहिली, पलंगाखाली पाहिलं, केरसुणी झटकून पाहिली. त्यांना हे कोणत्या तोंडाने सांगायचं, या विचाराने मी आठवडाभर त्यांचा फोन उचलला नाही.

शेवटी उचलावा लागला. चेहरा दिसायचा फोन होता, पण अर्धा चेहरा त्यांच्याच अंगठ्याने झाकलेला. दुपट्टा कुठेच नव्हता. "देले न दहाही," ते हसत म्हणाले, "आता काय लपवाचं?" मागून लेक ओरडत होती, की बाबा आणि ही मिळून घरातल्या सगळ्या काचांवर पंजे उमटवत फिरतात, पुसून पुसून माझा जीव गेला. मी हसत होते, आणि हसता हसता मला त्यांच्या मागचा आरसा दिसला. त्याच्या कोपऱ्यात एक मोठी मरून टिकली होती. एका कडेने रंग उडालेली.

माझी नजर कुठे गेली ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. लेकीला ऐकू जाऊ नये म्हणून फोन तोंडाशी धरला आणि हळूच म्हणाले, "तिथं एकटी काऊन राह्यन ते?"

रविवारी मी अजूनही जाते. खिडक्या उघडते, तुळशीला पाणी घालते. त्या घरात आता मला अजिबात भीती वाटत नाही, आणि त्याचंच फार वाईट वाटतं. कुलूप लावून मी "येते" म्हणते, थोडा वेळ कान देऊन उभी राहते. मग दाराच्या फळीवर माझा अंगठा नीट टेकवते. घराला वाट पाहायला कोणीतरी हवं.