विनोदचा बॅनर आणि दौलतचा जळफळाट

...तर बॅनर लागला, इथवर काल आलो होतो. आपल्या फाट्यावर, सरपंचापेक्षा मोठं तोंड विनोदचं, डोक्यावर लष्करी टोपी, खाली ‘गावाचा शूर सुपुत्र’. पारूनं त्याचा फोटो काढून सौदीत दम्मामला नवऱ्याला, म्हणजे दौलतला, पाठवला आणि आपला दौलत मिरची चावल्यासारखा झाला.

होणारच की. दौलत एसीचा मेकॅनिक. उभं तारुण्य त्यानं सौदीतल्या तापल्या गच्च्यांवर घालवलं, पण गावात त्याच्या नावाचं कुणी चिठोरंसुद्धा चिकटवलं नाही. आणि हा विन्या कोण, तर त्याचाच हेल्पर. तांब्याची नळी वाकवायला दौलतनंच शिकवलेला. एजंटाच्या नादी लागून कुठल्याशा बर्फाळ मुलखात, परक्यांच्या लढाईत आपणहून भरती झाला, की लगेच शूर. देवळातल्या हळदीकुंकवाला आता त्याची बायको किशोरी पुढच्या सतरंजीवर बसते, हेही पारूनं कळवलं. का कळवलं, ते तीच जाणे. त्या दिवशी कामगारांच्या कॅम्पात बांगड्याचं कालवण होतं, पण दौलतला घास गोड लागेना.

मग त्यानंही ठरवलं, आपण जायचं. कफीलकडून, म्हणजे तिथल्या मालकाकडून, रजा पदरात पाडून घेतली. एजंट तयारच होता, फक्त ‘हो’ म्हणायचं बाकी.

शुक्रवारी जेवणानंतर विनोदचा व्हिडिओ कॉल आला. स्वारी कुणाच्या तरी घरात शेगडीशी ऐटीत बसलेली. दौलतची नजर आधी गेली ती त्याच्या नव्याकोऱ्या बुटांवर. हेवा माणसाला असा आंधळा करतो बघा. मग दिसली खुंटीवरची बाईची शाल, टेबलावरचा अर्धवट खाल्लेला पाव. घर कुणाचं, असं त्यानं विचारलं. आता आमचंच, म्हणाला विनोद. त्याच्या पाठीमागचं दार उघडं होतं. अंगणातल्या बर्फात एक म्हातारा गुडघ्यांवर, हात मागे बांधलेले, आणि एक शिपाई हसत हसत त्याच्या अंगावर पाणी ओततोय.

बाकीची माणसं कुठं, असं दौलतनं विचारलं. विनोद म्हणाला, काल विहिरीपाशी उभी करून गोळ्या घातल्या, बाईलासुद्धा. त्यात तू होतास का, हे दौलतनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

“दौलतदादा, आम्ही बाहेरची पोरं. आम्हाला इथं कोण जाब विचारतंय? बोल, नाव देऊ ना तुझं?”

आता दौलत काय म्हणाला, ते त्याच्याच शब्दांत ऐका.

“विन्या, तुझा हेवा मला आत्ताही वाटतोय, खोटं कशाला बोलू. पण इथं एसी दुरुस्तीला गेलं तरी घरातल्या बाया आत जाईपर्यंत आपण उन्हात दाराबाहेर उभे राहतो. मालकानं ये म्हटल्याशिवाय कुणाचा उंबरा मी ओलांडला नाही. माझं नाव देऊ नकोस. आणि तो म्हातारा गारठून मरेल, आधी त्याला त्याच्या घरात घे.”