लुगड्याखालची वांगी

वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मी इंटर्न झाले. समाजकार्याच्या पदविकेला मी हौसेनं नाव घातलं होतं. शेवटी दोन महिने एखाद्या संस्थेत राबावं लागतं, हे माहितीपत्रकात लिहिलं होतं म्हणे. मी फक्त मुखपृष्ठावरचा फोटो बघितला होता. मुलगी म्हणाली, आई, इंटर्न म्हणजे सगळ्यांसाठी चहा आणणारी. मी म्हटलं, मग इतकी वर्षं या घरात मी कोण होते?

मला मिळाली एक बाग. सोलापुरात, यंत्रमागाच्या वस्तीमागे एक मोकळी जागा होती. पूर्वी लोक तिथं फुटक्या फरश्या आणि मोडक्या खाटा आणून टाकत. एका संस्थेनं ती जागा मालकाकडून वापरायला मागून घेतली, साफ केली, बोअरला मोटर बसवली आणि गल्लीतल्या बायकांना एकेक वाफा दिला. जे पिकेल ते जिचं तिनं घरी न्यायचं. बिड्या वळून झाल्या, दुपारची भांडी घासून झाली की बायका खुरपं घेऊन येत, आणि भाजीबरोबर गल्लीतल्या सगळ्या बातम्याही तिथंच पिकत.

बागेची प्रमुख होती पंचविशीतली एक मुलगी, मंद्रूपची. तिला सगळ्याजणी मॅडम म्हणत आणि ती मला काकू म्हणे. म्हणजे मॅडम मला सांगत, काकू, ते शेणखताचं घमेलं जरा इकडे आणा. आणि काकू म्हणत, आणते मॅडम. या नात्याची आम्हा दोघींनाही गंमत वाटायची. मॅडमना जरा जास्त.

आता माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. मी निवेदन करते. साखरपुडे, एकसष्ट्या, सोसायटीचा गणपती, कुठंही. माईक दिसला की मी बोलते आणि नसला तर आवाज वाढवते. त्यामुळे बागेत पहिल्या दिवसापासून मी वाफ्यावाफ्यापाशी उभी राहून कौतुकाचे पाट सोडले. या वांग्यांवर काय तकाकी आहे, जांभळं रेशीमच की. ही मेथी बघा, नव्या नवरीसारखी लाजतेय. बायका गप्प व्हायच्या, एकमेकींकडे बघायच्या, कुणीतरी पटकन पदर पुढे करून रोप झाकायची. मला वाटायचं, बिचाऱ्या संकोचतायत. त्यामुळे मी आणखी रंगात यायचे.

बागेत सगळ्यांत जुनी होती मावशी. माहेर कर्नाटकाच्या सीमेजवळच्या मैंदर्गीचं, त्यामुळे रागावली की कानडीत आणि समजावायला लागली की मराठीत. तिच्या मांडवावर एक दुधी लागला होता, हिरवागार, गुटगुटीत. मी त्याला बाळ म्हटलं. याला टोपडं शिवायला हवं, असंही म्हटलं. चार दिवसांत बाळ खालून सडलं. मॅडमनी फळ कापून आतल्या अळ्या दाखवल्या आणि फळमाशीवर छोटंसं भाषण दिलं. मावशीनं ते मान हलवून ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी मांडवाला एक काळी बाहुली आणि एक फाटकी चप्पल लटकत होती. त्यानंतर मी आले की मावशी रोपाच्या आणि माझ्या मध्ये येऊन उभी राहायची. एकदा तिनं मला बाजूला घेऊन अगदी प्रेमानं सांगितलं, "ताई, तुमी लई ग्वाड बोलता. झाडाला सोसत न्हाय."

मी हे घरी रंगवून सांगितलं, सगळे हसले, आणि तिथं ते संपलं असं मला वाटलं.

मग एके दिवशी निरोप आला. बागेला पैशाची मदत करणारी तीन माणसं पुण्याहून बघायला येणार होती. बघून ठरवणार होती की पुढच्या वर्षी मदत चालू ठेवायची की थांबवायची. थांबली तर मोटर बंद, आणि जागामालक आपले टेम्पो उभे करायला टपलेलाच होता. पाइपातला गाळ काढता काढता मॅडमनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. वडिलांनी त्यांना एक वर्ष दिलं होतं. बाग बंद झाली तर मंद्रूपला परत जायचं, तिथं दोन स्थळं बघून ठेवली होती. हे त्यांनी इतक्या साध्या आवाजात सांगितलं की त्यांच्या वाटचंही मलाच गलबलून आलं, आणि मी खताच्या पोत्यावर बसले.

मॅडमनी बायकांना जमवलं. पाहुणे येणार आहेत, सगळी बाग बघणार आहेत, फोटो काढणार आहेत, तर सगळं नीट ठेवा, असं सांगितलं. सगळ्या एका सुरात व्हय म्हणाल्या. त्या बागेत कुठल्याही गोष्टीला सगळ्या एका सुरात व्हय म्हणाल्याचं त्याआधी कधी घडलं नव्हतं. तेव्हाच आम्ही सावध व्हायला हवं होतं.

पाहुण्यांना फिरवून दाखवायचं काम अर्थातच माझ्याकडे. मी भाषण लिहिलं, पाठ केलं आणि नवऱ्याला पाहुणा करून स्वयंपाकघरात फिरवलं. गॅसच्या सिलिंडरपाशी आलो की मी म्हणायचे, आणि इथं आपण क्षणभर थांबू या. नवरा क्षणभर थांबायचा. फार गुणी पाहुणा होता.

त्या दिवशी सकाळी मॅडम आणि मी बागेचं फाटक उघडलं आणि दोघी तिथंच उभ्या राहिलो. बाग दिसेचना. प्रत्येक वाफ्यावर एक लुगडं पसरलेलं होतं, कोपऱ्यांवर दगड. विटलेलं इरकल होतं, नायलॉनच्या फुलाफुलांच्या साड्या होत्या, एका वाफ्यावर तर चांगली सोलापुरी चादर होती. सगळी बाग पांघरूण घेऊन झोपलेली. आणि वाफ्यांशेजारी बायका ठेवणीतल्या साड्या नेसून, गजरे माळून, प्रसन्न चेहऱ्यानं उभ्या.

हे काय आहे, असं मॅडमनी विचारलं. मावशीला प्रश्नच कळला नाही. "सगळं नीट ठिवा म्हणालात की. ठिवलं." मग ती समजावणीच्या मराठीत म्हणाली, "एकटी ताई बघती तर माजा दुधी गेला. आता तिघं येणार, वर फोटू काडून नेणार. फोटूतली दिष्ट उतरवायला आमी पुण्याला जायाचं का?"

एकच वाफा उघडा होता. माझा. इंटर्नलाही शिकायला म्हणून एक छोटा वाफा मिळाला होता, आणि त्यात माझी वांग्याची रोपं आजारी माणसांसारखी एकमेकांना टेकून उभी होती. माझाच का नाही झाकला, असं मी जरा दुखावूनच विचारलं. शेजारच्या वाफ्यावरची बिड्या वळणारी अक्का पदर तोंडात धरून पाठमोरी झाली. मावशी म्हणाली, "त्येला काय हुतंय, ताई."

तेवढ्यात गाडी आली.

तिघांत मुख्य होत्या त्या बाई उंच, कडक इस्त्रीची सुती साडी, चष्म्याआडून बघणं असं की मला शाळेतली तपासणी आठवली. बरोबर एक तरुण आणि एक तरुणी. मी भाषणाला सुरुवात केली. आपल्या डावीकडे, मी म्हटलं, आणि डावीकडे साडी होती. उजवीकडेही साडीच होती. क्षणभर थांबू या म्हणायची जागा आली ती नेमकी माझ्या वाफ्यापाशी. तरुणानं माझ्या एका वांग्याचा फोटो काढला, इतक्या हळुवारपणे की जणू ते वांगं अंथरुणाला खिळलेलं होतं. बाईंनी विचारलं, वर्षभराचं पीक ते हेच का?

मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी बाकीचं झाकलेलं आहे असं सांगितलं. बाईंनी विचारलं, का? माझ्या जिभेवर 'सेंद्रिय आच्छादन' हे शब्द तयार होते. थंडी, उन्हाची तिरीप, पक्षी, काय हवं ते मी त्यावर रचलं असतं. पण मॅडमनी मला संधीच दिली नाही.

"त्यांना वाटतं तुमची नजर लागेल," त्या म्हणाल्या.

बाईंनी बायकांकडे बघितलं. मग त्या मावशीला म्हणाल्या की बघितल्याशिवाय मला मदतीबद्दल काहीच सांगता येणार नाही, मग कसं करू या? मावशीनं अक्काकडे बघितलं. कानडी, तेलुगू आणि मराठीत मिळून एक तातडीची बैठक झाली. निकाल असा लागला की बघायला हरकत नाही, पण चांगलं म्हणायचं नाही, आणि बघून झालं की थू थू करायचं.

मावशीनं दगड सरकवून लुगड्याचा कोपरा उचलला. खाली काळीभोर, टपोरी वांगी होती. बाई वाकल्या. त्यांचं तोंड उघडलं, आत काहीतरी चांगलं होतं हे स्पष्ट दिसत होतं, ते त्यांनी गिळलं आणि अगदी हलक्या आवाजात थू थू केलं.

"तसं न्हाय," मावशी म्हणाली. "जोरात करा की."

बाईंनी चष्मा सावरला आणि जोरात केलं. पुण्याच्या त्या इस्त्रीतून इतका खणखणीत आवाज येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. पुढच्या वाफ्यापासून तर त्यांना सूरच सापडला. मेथीचा गच्च हिरवा वाफा बघून त्या आपणहून म्हणाल्या, काही खास नाही. कारल्याच्या वेलापाशी म्हणाल्या, ठीकच आहे. बायका फुलून आल्या. लुगडी भराभर उचलली जाऊ लागली आणि बाईंच्या मागे रांग लागली. माझं बगा की बाई, लई वंगाळ हाय. माझ्या अंबाडीला बी नावं ठेवा. जिच्या टोमॅटोला बाई फक्त बरे म्हणाल्या ती हिरमुसली, तेव्हा बाईंनी मागे येऊन त्यांना बेचव म्हटलं. फोटो काढणाऱ्या तरुणाचं तोंड तर थू थू करून कोरडं पडलं. त्याला अक्कानं तांब्याभर पाणी दिलं.

सगळं बघून झाल्यावर बाई मोटरीपाशी येऊन थांबल्या. मॅडम समोर उभ्या होत्या, हात चिखलानं भरलेले, आणि विचारायचं धाडस होत नव्हतं. बाईंनी एकदा मावशीकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बाग अगदीच सुमार आहे. अजून एक वर्ष तरी मदत करावी लागणार."

मॅडमना ते कळायला एक क्षण लागला. मला आधी कळलं. मी त्यांचा दंड इतका घट्ट धरला की संध्याकाळी तिथं वळ दिसत होता.

गाडी गेल्यावर मॅडमनी घरी फोन लावायला सांगितला. त्यांचे हात बरबटलेले, म्हणून फोन मी धरला, आवाज मोठा करून. आवाज मोठा करायची गरज नव्हती, हे मान्य. पलीकडे त्यांचे आप्पा शेतात होते, मागे शेळ्या ओरडत होत्या. मॅडम म्हणाल्या, आप्पा, पाहुणे बघून गेले, बाग अजून नीट नाही म्हणतायत.

आप्पांनी आधी एका शेळीला हाकललं.

"मग? नीट न्हाय म्हणत्यात आन मदीच सोडून येती व्हय?" आप्पा म्हणाले. "नीट करूनच ये."

मॅडम बरं म्हणाल्या, अगदी वडिलांच्या शब्दाबाहेर नसलेल्या मुलीसारख्या.