टोल्याच्या विहिरीचे पैसे

माझे थोरले भाऊ गावाचे पहिले सरपंच झाले, तेव्हा मी नुकताच संसाराला लागलो होतो. आमचं गाव पोंभुर्ण्याच्या बाजूला. तीन अंगांनी जंगल, एका अंगाला धानाच्या बांध्या. पंचायत नवीनच आली होती. हात वर करून निवडणूक झाली. त्यात मीही पंच झालो आणि नाल्यापलीकडच्या गोंड टोल्यातून, म्हणजे तिथल्या लहान वस्तीतून, एक वयस्क गृहस्थ पंच झाले. त्यांना आम्ही सगळे दादा म्हणायचो.

भाऊ चौथीपर्यंत शिकलेले. पंचायतीच्या पैशाची त्यांना भीतीच वाटायची. कामासाठी जिल्ह्याच्या गावी, चांद्याला गेले तरी शिदोरी घरची न्यायचे, मोटारीचं भाडं स्वतःच्या खिशातून द्यायचे. पहिल्या सभेत सेक्रेटरीनं वर्षाचं अंदाजपत्रक वाचून दाखवलं. जमा, खर्च, शिल्लक हे शब्द कानावरून गेले. माना आम्ही सगळ्यांनीच हलवल्या. दादांनी तेवढं विचारलं, "आमच्या टोल्याची इहीर हाय काय त्याच्यात?"

"आहे," सेक्रेटरी म्हणाला. "सरकारनं मंजूर केली की पैसे चांद्याच्या खजिन्यात तुमच्या पंचायतीच्या नावानं पडतील. काम सुरू करा आणि उचला."

दिवाळीनंतर मंजुरी आली. दादा दुसऱ्याच दिवशी आमच्या ओसरीवर येऊन बसले.

"कवा खंदाची, भाऊ?"

भाऊंनी त्यांना समजावलं. "येवढ्या पैशात कच्चीच होते, दादा. बाजूच्या गावची पाह्यली ना तुमी? एका पावसात खचली. पुढच्या साली आनखी पैसे भेटतीन. दोन्ही मिळून गोट्यानं बांधून काढू. तवरीक पैसे खजिन्यात हायेत, कुठी जात नाईत."

"तुमी म्हंता तं ठीक," म्हणून दादा उठले.

मलाही ते पटलं होतं. सरकारी खजिन्याहून सुरक्षित जागा कोणती असणार? सेक्रेटरीकडे आमच्यासारखी बरीच गावं होती. त्यात तो त्या हिवाळ्यात हिवतापानं अंथरुणाला खिळला आणि उन्हाळा लागेपर्यंत फिरकलाच नाही. भाऊ मात्र समाधानात होते. पंचायतीचा पैसा आपण मोडला नाही, हे ते सभेत सांगायचे, आणि लोकही बरं म्हणायचे.

चैतात नाला आटला. टोल्यातल्या बायांनी नेहमीसारखे पिण्याच्या पाण्यासाठी रेतीत झिरे खोदले. त्यातच गुरं तोंड घालायची. वैशाखात टोल्यात हैजा शिरला, पटकीची साथ. दादांची बायको सकाळी आजारी पडली आणि दिवस मावळायच्या आत गेली. भाऊ आणि मी मातीला गेलो. परत येताना नाला ओलांडला तेव्हा भाऊ त्या झिऱ्यांपाशी उभे राहिले. म्हणाले, "कच्ची त कच्ची. उद्या चांद्याले जाऊ, पैसे उचलू आन् खंदाले लावू."

चांद्याच्या कचेरीतला कारकून सभ्य माणूस होता. त्यानं कागद पाहिले आणि आम्हाला बसायला सांगितलं.

"हे पैसे तर परत गेले, सरपंच. मार्चअखेरीला."

"परत म्हंजे कुठी?"

"सरकारजमा झाले. ज्या वर्षाचे त्याच वर्षी खर्च करावे लागतात. नाहीतर मंजुरी संपते."

"पन आमी खर्च नाई केले. वाचवून ठेवले होते."

"ते वाचवायचे नसतात," तो हलक्या आवाजात म्हणाला. मागचे पैसे वापरले नाहीत म्हणून यंदाच्या यादीतही आमचं गाव नव्हतं. त्यानं पाणी मागवलं. भाऊंनी ते घेतलं नाही.

परतीच्या मोटारीत त्यांनी ते कागद पुन्हा उघडून पाहिले. मग मला विचारलं, "लहान्या, सेक्रेटरीनं सांगतलं होतं काय हे? मी आयकलं नसन?"

"मले नाई आठवत, भाऊ," मी म्हणालो. खरंच आठवत नव्हतं.

शाळेच्या पडवीत सभा भरली. भाऊंनी उभं राहून सगळं सांगितलं. दादा खाली मान घालून ऐकत होते.

"सरकारनं देल्ले आन् सरकारनंच नेले?"

"हो, दादा."

"तुमी येकबी पैसा उचलला नाई?"

"नाई."

"खाल्ले असते तं बरं होतं, भाऊ. कोनाच्या तरी पोटात गेले असते."

त्यात राग नव्हता. ते उठले आणि टोल्याकडे चालायला लागले. पुन्हा कधी ते सभेला आले नाहीत.

गावातल्या पुष्कळांना पैसे परत जातात हे खरंच वाटलं नाही. त्या पावसाळ्याआधी आम्ही घरावरचे फुटके कवेलू बदलले, तर विहिरीच्या पैशाचे कवेलू चढले असं कुणीतरी म्हणालं. ते भाऊंच्या कानावर आलंच. आम्ही दोघांनी टोल्यात जाऊन आपल्या हातांनी खणायलाही सुरुवात केली होती. थोड्याच खोलीवर काळा खडक लागला. सुरुंगाला पैसे लागणार होते, ते नव्हते. भाऊंनी सरपंचपद सोडलं.

तीन-चार वर्षांनी तालुक्याच्या गावी पंच-सरपंचांसाठी शिबिर भरलं. हिशेब कसा ठेवायचा, अंदाजपत्रक कसं वाचायचं, हे शिकवणार होते. मी अजून पंच होतो. भाऊ म्हणाले, "मीबी येतो." ते मागच्या रांगेत बसले. फळ्यापाशी उभ्या असलेल्या तरुण अधिकाऱ्यानं सुरुवातीलाच सांगितलं की मंजूर पैसा वर्ष संपायच्या आत कामाला लागलाच पाहिजे. सगळ्यांनी ते लिहून घेतलं.

दुपारी आम्ही बाहेर झाडाखाली शिदोरी सोडली. भाऊंनी घास घेतला नाही.

"येवढंच होतं गा," ते म्हणाले. "एका दमात सांगून टाकलं त्यानं."

थोड्या वेळानं ते मोटार स्टँडकडे निघून गेले. मी परत आत जाऊन बसलो, कारण त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात टोल्याची विहीर पुन्हा आली होती.

ती माघात बांधून झाली. दादा तोवर वारले होते. विहिरीतून पहिलं पाणी काढायच्या दिवशी मी भाऊंना बोलवायला गेलो. ते बैलाला चारा घालत होते. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुमी पंच लोक जा."